सत्यशीला वस्त्रदालनाला एक स्टार

माझं मत कुणी विचारत नाही, तरी मी देते. पाटोद्यात बसस्टँडच्या मागं फॉर्म भरायचं केंद्र आहे, तिथं मी कामाला आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पीकविमा. दिवसभर दुसऱ्यांचं म्हणणं सरकारच्या रकान्यात बसवायचं. संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये मी माझं स्वतःचं म्हणणं लिहिते, गुगलच्या नकाशावर, दुकानांच्या नि हॉटेलांच्या नावाखाली. तिथं रकाना मोठा असतो आणि साहेबाची सही लागत नाही.

बीड रोडला एक 'गार्डन फॅमिली' हॉटेल आहे. गार्डन म्हणजे दोन कुंड्या नि सिमेंटचं एक हरीण. फॅमिली म्हणजे पडद्यामागचा कोपरा, जिथं पंखा नव्हता. पुरुषमाणसांनी बाहेर वाऱ्याला बसायचं आणि बाई सोबत असली की आत उकडून निघायचं, हा कायदा कुणी केला, असं मी विचारलं होतं. काजूकरीत साडेतीन काजू निघाले, तेही लिहिलं. दोन स्टार. महिन्याभरात त्यांनी पंखा बसवला, मग मी दोनाचे तीन केले. काजू आहेत तेवढेच आहेत.

नेकनूरच्या बाजारात पत्र्याच्या शेडमध्ये एक माणूस भजी तळतो. बोलायला एकदम फटकळ. पण घाणा गार झाला असेल तर स्वतःच म्हणतो, "ही नका घेऊ, थांबा जरा." त्याला मी पाच दिले. परळीत स्टेशनसमोर एका ठिकाणी इडली चांगली मिळते, पण टेबलावरून बोट फिरवलं की राखेत रेघ उठते. राख थर्मलच्या वीजकेंद्राची आहे, हॉटेलवाल्याची नाही, म्हणून त्याचा स्टार कापला नाही. मी रागीट आहे, पण अन्याय करत नाही.

कपड्याच्या दुकानांवर माझा राग जास्त आहे. 'फ्री साइज' म्हणून जे देतात ते कुणालाच बसत नाही. ट्रायल रूमला कडी नसते, मैत्रिणीनं बाहेर ओढणी धरून उभं राहायचं. आणि "ताई, हा कलर तुमच्यावर उठत नाही" हे ऐकायला मी कुणाच्या दुकानात जात नाही. हे सगळं मी लिहिलेलं आहे, दुकानाच्या नावानिशी.

यात माझी एकच चूक झाली. लोक अशा ठिकाणी काहीतरी टोपणनाव घेऊन लिहितात. मी पडले फॉर्म भरणारी. नाव विचारलं की बोटं आपोआप चालतात: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आधारवर आहे तसं. त्यामुळं वर्षाराणी आश्रुबा अशी आडनावासकट मी सगळ्या तालुक्याच्या नकाशावर पसरलेली आहे.

आता सत्यशीला वस्त्रदालन. पाटोद्यातलं सगळ्यात मोठं कापडाचं दुकान, विजयसिंह बापूंचं. बापू दोन वेळा जिल्हा परिषदेवर होते, त्यांचं शेत बघायला पायी जाता येत नाही, गाडी लागते. दुकानाला त्यांनी आपल्या आईचं नाव दिलंय. दोन वर्षांपूर्वी, पाडव्यानंतर, माझे आईबाबा ऊसतोडीवरून परत आले होते. मावशीच्या पोरीचं लग्न होतं. आई म्हणाली, "या टायमाला एक माझ्या मनानं घेऊ."

आईच्या पेटीत आजवर ज्या साड्या आल्या त्या बहुतेक आहेरातल्या. आहेराची साडी ही आमच्याकडं वेगळीच जात असते. ती नेसायला नसते, द्यायला असते. या लग्नात आलेली त्या लग्नात जाते, पिशवीची पिनसुद्धा निघत नाही. एक मोरपंखी साडी तर मी तीन लग्नांत ओळखलेली आहे. दुकानात या साड्यांची फळी खाली असते, गुडघ्याच्या उंचीला. नेसायच्या साड्या वर.

आईनं हात घासून धुतले होते, खोबरेल लावलं होतं. पण सहा महिने तळव्याच्या भेगांत बसलेलं उसाचं काळं आठवड्यात निघत नाही. सेल्समननं आईच्या हाताकडं बघितलं आणि काही न विचारता खालचा गठ्ठा ओढला. आई म्हणाली, "वरच्या दाव की दादा." तो म्हणाला, "मावशी, त्या उलगडल्या की घडी बसत न्हाई परत. घेणार आसलात तर सांगा." न बघता घेणार की नाही हे माणूस कसं सांगणार? आईनं खालचीच एक उचलली. म्हणाली, "ही बी बरी हाय."

मी शेजारीच उभी होते. तहसीलच्या कारकुनाशी रोज भांडणारी मी, तिथं एक शब्द बोलले नाही. मला त्या सेल्समनपेक्षा स्वतःचाच राग जास्त आला. बसमध्ये बसल्या बसल्या लिहिलं. शून्य स्टार देता येत नाहीत म्हणून एक दिला. घरी कुणाला सांगितलं नाही. आईला वाचता येत नाही, आणि बाबांचा मोबाइल फक्त बोलायचा. पण लोकांनी वाचलं. चारशेच्या वर जणांनी अंगठा दिला, आणि दुकानाचं नाव टाकलं की सगळ्यात वर माझंच म्हणणं दिसायला लागलं.

या वर्षी माझं लग्न ठरलं. परमेश्वर नेकनूरकडचा, परळीच्या थर्मलला कंत्राटावर इलेक्ट्रिशियन. पहिल्यांदा भेटलो ते त्याच इडलीच्या हॉटेलात. मी बसायच्या आधी त्यानं स्वतःच्या रुमालानं माझ्या बाजूचं टेबल पुसलं, आणि मग रुमाल झटकला तो माझ्याच ड्रेसवर. मला माणूस आवडला. हे मात्र मी कुठं लिहिलं नाही.

त्याला वडील नाहीत. आई बायनाबाई, तोंडानं कडक. तिला आमच्या घरचा चहा फिका लागला, आमचं अंगण अरुंद वाटलं, आणि माझी जीभ लांब आहे हे तिनं पहिल्या भेटीतच माझ्यासमोर माझ्या आईला सांगितलं. बाकी कारभार तिच्या भावाच्या हातात. हा बंकटमामा विजयबापूंचा कार्यकर्ता. बापूंच्या गाडीत पुढं ड्रायव्हरशेजारी बसतो, तेवढ्यावर त्याचं गावात चालतं. बस्ता सत्यशीलात बांधायचा हे त्यानं परस्पर ठरवून टाकलं.

बस्ता म्हणजे लग्नाचं सगळं कापड दोन्ही घरांनी एका दिवशी, एका दुकानात बसून घ्यायचं. नवरीच्या शालूपासून पाहुण्यांच्या टोप्यांपर्यंत. आधी दोन्ही विहिणी मिळून शालूला हळदकुंकू लावतात, मग बाकीचे गठ्ठे सुटतात. एकदा बस्ता सुरू झाला की उठून दुसऱ्या दुकानात जायचं नसतं. मोडलेला बस्ता म्हणजे लग्नाला नाट, असं सगळे धरून चालतात.

मी घरी म्हणाले, आपण बीडला जाऊ. बाबा म्हणाले, "पोरीकडच्यांनी दुकान ठरवायचं आसतं व्हय?" त्यांची भीती मला कळत होती. कंत्राटावर का होईना, थर्मलचा जावई. मी दुसऱ्यांदा गप्प बसले.

दोन क्रूझर भरून आम्ही बावीस माणसं पोचलो. दारात सरबत. खाली आहेर विभाग, वर बस्ता विभाग. वर पांढऱ्याशुभ्र चादरीची लांबलचक गादी, लोड, गार हवा. दुपारच्या जेवणाची कुपनं आधीच मामाच्या हातात दिलेली. बस्त्याच्या पार्टीला समोरच्या हॉटेलात जेवण दुकानाकडून. आईला गादीच्या कडेला जागा मिळाली. ती चपला काढलेले पाय पोटाशी घेऊन बसली.

दुकानात अशी पद्धत की बस्ता असला की दारातल्या पाटीवर नवरानवरीचं नाव लिहायचं, हार्दिक स्वागत म्हणून. मॅनेजरनं बाबांना नवरीचं पूर्ण नाव विचारलं. बाबांनी अभिमानानं आडनावासकट सांगितलं. मॅनेजर लिहिता लिहिता थांबला. काउंटरच्या आतल्या बाजूला माझं मत छापून चिकटवलेलं होतं, हे मला मागाहून कळलं. नोकरांनी नाव पाठ करावं म्हणून बापूंनीच लावून घेतलं होतं.

वर बायनाबाईंनी शालू मांडीवर घेतला होता. हळदकुंकवाचं ताट दोघींच्या मध्ये होतं, आईचं बोट कुंकवात बुडायला आलं होतं, तेवढ्यात मॅनेजर जिना चढून आला आणि मामाच्या कानाला लागला. मामानं हात वर केला.

"थांबा जरा. कुकू नका लावू."

त्यानं मॅनेजरचा मोबाइल घेतला, बघितलं, आणि परमेश्वराच्या हातात दिला. "वाच बे. मोठ्यानं वाच. सगळ्यांना कळू दे कसली सून करायलोत."

परमेश्वरानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली नाही, खालीही घातली नाही. तो वाचायला लागला.

"दुकान थंड आहे. आरसे मोठे आहेत. पाणी विचारतात. पण इथं साडी दाखवायच्या आधी हात बघतात. माझ्या आईचे हात उसाचे आहेत. तिला खालच्या फळीच्या वर काही दाखवलं नाही, कारण उलगडलेल्या साडीची घडी मोडते. माझी आई सहा महिने वाकून ऊस तोडते, तिची घडी कुणी बघत नाही. आहेराला साड्या हव्या असतील तर या दुकानात जरूर जा. नेसायला हवी असेल तर जाताना आपले हात घरी ठेवून जा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

मी आईकडं बघितलं आणि तिथं माझं सगळं अवसान गेलं. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते. बावीस माणसांत, होणाऱ्या जावयाच्या तोंडून, तिच्या हातांबद्दल ती पहिल्यांदा ऐकत होती. मी तिची बाजू घेतली असं दोन वर्षं समजत होते. तिला विचारलं नव्हतं. त्या क्षणी मला ते खरंच काढून टाकावंसं वाटलं, दुकानासाठी नाही, तिच्यासाठी.

तेवढ्यात खुद्द विजयसिंह बापू आले. पांढरे कपडे, पायात मोजे. ते ओरडले नाहीत. माझ्यासमोर गादीवर मांडी घालून बसले, सगळ्यांना चहा सांगितला, आणि माझ्याशी लेकीशी बोलावं तसं बोलले.

"पोरी, माझ्या मायच्या नावाचं दुकान हाय. तिनं दारातून कुणाला उपाशी धाडलं न्हाई. आता तिच्या नावाखाली एक चांदणी दिसती. मुंबईला गेलतो, तिथं एकानं मला मोबाइलवर दावलं. लई लागलं मला."

त्यांना लागलं होतं हे खरं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं.

"चूक झाली आसंल नोकराची. जाऊ दे," बापू म्हणाले. "तुझा शालू माझ्याकडून. भाची समजतो तुला. तेवढं काढून टाक. हितंच, ह्या समद्यांसमोर."

"काढ," मामा म्हणाला. "न्हाईतर बस्ता न्हाई. आन बस्ता न्हाई तर सोयरीक बी न्हाई. मी सांगतो."

बाबा माझ्या जवळ सरकले. त्यांचा आवाज पडला होता. "काढ माय. चार वळीपायी संसार मोडायचा का?"

मी मोबाइल हातात घेतला. माझं म्हणणं उघडलं. खाली 'हटवा' असं होतं. अंगठा तिथं नेला. मला परमेश्वर हवा होता, हे मी लपवत नाही. रुमालानं टेबल पुसणारी माणसं आमच्या तालुक्यात पोत्यानं सापडत नाहीत.

तो हळूच म्हणाला, "खरं हाय का हे?"

"हाय."

"सगळं?"

"सगळं. मी शेजारी व्हते."

"मग काढायचं कावून?" असं तो म्हणाला खरा, पण मामानं डोळे वटारले तसा लोडाकडं बघत बसला. तेवढं मला पुरलं. मी अंगठा उचलला.

"बापू," मी म्हणाले, "खोटं लिहिलं असतं तर आत्ता काढलं असतं, वर पाया पडले असते. एक करा. आज आईला साड्या दाखवा. जसं दाखवाल तसं मी लिहिते. तुमच्यासमोर."

बापूंचा चेहरा उजळला. त्यांना हे एकदम सोपं वाटलं. त्यांनी टाळी वाजवली. "अरे, मावशीला गादीच्या मधी बसवा. वरून काढा. समदं काढा."

मी आईजवळ गेले. "आई, नको असलं तर नको. मी काढून टाकते ते." तिनं वरच्या फळीकडं बघितलं. मग म्हणाली, "दावू दे."

पहिली पैठणी उलगडली. आईनं हात पदराखालून काढला आणि काठावरून फिरवला. तळहाताची भेग रेशमात अडकली, एक धागा उचकला. सेल्समननं ओठ आवळले. बापू म्हणाले, "असू दे, असू दे. दुसरी दाखव." आईनं हात मागं घेतला नाही. पदर बघितला, उलटा करून मागची वीण बघितली, विचारलं, "ह्यात डाळिंबी हाय का?" डाळिंबी आली. "ह्याच्यापरीस जरा बारीक काठ?" बारीक काठ आला.

तिला इतकं कळतं हे मला माहीत नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साड्या लांबून बघत आली, त्यात शिकली असेल. सेल्समनला घाम आला. पैठण्या झाल्या, इरकली झाल्या, नारायणपेठ झाल्या. आईच्या चारी बाजूंना कापड साचलं. अर्धा तास गेला, तास गेला. मामा घड्याळ दाखवायला लागला, कारण कुपनावर जेवणाची वेळ दोनपर्यंतची होती. बायनाबाई एक पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघा चोळत होत्या आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होत्या, "किती बघायचं ते." पण प्रत्येक साडी उलगडली की मान लांब करून बघतही होत्या.

शेवटी सेल्समन म्हणाला, "मावशी, वरची फळी सपली."

आईनं एकवार सगळ्या ढिगाकडं नजर फिरवली. मग मांडीवरची साडी बाजूला ठेवली.

"न्हाई घ्यायची," ती म्हणाली.

बापू हसले. त्यांना वाटलं रंगाचं काही असेल. "काय कमी हाय सांगा. बीडहून मागवतो."

"काय बी कमी न्हाई. समद्या झ्याक हायत."

"मग?"

"मला न्हाई घ्यायची."

बापूंचा आवाज पहिल्यांदा चढला. "मग एवढ्या उलगडायला कावून लावल्या?"

"बघायच्या व्हत्या," आई म्हणाली. "गेल्या टायमाला ऱ्हायल्या व्हत्या."

माझी आई भांडत नव्हती. आवाजात टोमणा नव्हता. गिरणीत दळण राहिलं होतं, ते घ्यायला आले, इतकं साधं ती सांगत होती. आणि तिनं उठायला हात टेकला, तो त्या उलगडलेल्या रेशमावर.

मामा ताडकन उभा राहिला. "झालं? ही पावण्यांची रीत? बापू, माफी करा. आक्का, ऊठ. सोयरीक सपली. बस्ता मोडला ह्यांनी."

बायनाबाई उठल्या नाहीत. गुडघा चोळत म्हणाल्या, "मोडला? बसला कवा व्हता?"

"आँ?"

"कुकू लागलंय का शालूला? तूच म्हनलास ना, कुकू नका लावू. मग बस्ता सुरूच झाला न्हाई. सुरू न्हाई झाला त्यो मोडंल कसा?"

बापू काही म्हणणार होते, पण बायनाबाईंनी त्यांच्याकडं बघितलंच नाही.

"बावीस वर्सं मी बी कोयता धरलाय, बंकट. गुडघा गेला तवा सुटला. तू बापूच्या गाडीतून आलास म्हून मला हितं गादीवर बसिवलंय. एकटी आले आस्ते तर मला बी खालचंच दावलं आस्तं, आन मी बी तेच घिऊन गेले आस्ते." मांडीवरचा शालू त्यांनी होता तसाच मॅनेजरच्या हातात दिला. "हे घ्या. घडी मोडली न्हाई." मग आईकडं हात केला. "विहीणबाई, धरा जरा. माझ्यानं उठवत न्हाई."

आईनं त्यांना हात देऊन उठवलं. दोघी जिना उतरल्या, एकीच्या खांद्यावर दुसरीचा हात. परमेश्वर हळदकुंकवाचं ताट घेऊन मागं. मामाकडं न बघता तो खाली गेला. निदान न बघायचं धैर्य त्यानं दाखवलं. मी शेवटी उतरले. बापू ढिगाच्या मध्ये बसूनच होते. मला त्यांची थोडी दया आली, पण थोडीच.

खाली दारात बायनाबाईंनी मला थांबवलं. मला वाटलं आता जवळ घेतील.

"आन तू," त्या म्हणाल्या. "जीभ लई लांब हाय तुजी. आमच्या घरी आलीस की माझ्या सैपाकाबद्दल काय बी लिवायचं न्हाई."

"चांगला असला तर लिहीन," मी म्हणाले.

"तसलं बी नको."

मामा आमच्याबरोबर आला नाही. कुपनं त्याच्याच खिशात राहिली. बस्ता दुपारून बीडला जाऊन बांधायचा ठरलं, पण आधी भूक लागली होती. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कुठं जेवायचं ते हिला माहीत असणार म्हणून. मी त्या गार्डन फॅमिलीत नेलं. एकवीस माणसं पडद्यामागं मावेनात, म्हणून परमेश्वरानं मालकाला विचारून पडदाच काढून ठेवला. पंखा सगळ्यांना लागला. शेवभाजी बरी होती. भाकरी मात्र वेळेवर येत होत्या, हे मालकाच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

बाबा खाली मान घालून जेवत होते. त्यांची भीती अजून उतरली नव्हती. विजयबापूंच्या दुकानातून असं उठून येणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पुढच्या आठवड्यात त्या दुकानाला एका दिवसात साठ लोकांनी पाच-पाच स्टार दिले, सगळ्यांचं वाक्य एकच होतं, आणि आमच्या केंद्रावर पंचायत समितीचा माणूस परवाना बघायला दोनदा येऊन गेला. परवाना भिंतीवर लावलेलाच आहे, बघू दे किती बघायचा तो. पण हे नंतरचं.

जेवण झाल्यावर आईनं बशीतल्या बडीशेपेकडं बघत मला विचारलं, "ते काढलंस का?"

"न्हाई. तू म्हणशील तर काढते. आधी तुला विचारायला पाहिजे व्हतं. चुकलं माझं."

"वाचून दाव परत. हळू."

मी वाचलं. परमेश्वर वाचत होता तेव्हा तिनं पदराखाली नेलेले हात आता टेबलावर होते. बायनाबाईही शेजारून कान देऊन ऐकत होत्या. वाकून ऊस तोडण्याच्या ओळीला आईनं मान डोलावली. शेवटच्या ओळीला तिनं मला थांबवलं.

"ते बदल."

"काय?"

"हात घरी ठिवून जा म्हनतीस. हात कावून घरी ठिवायचे? हात घिऊनच जा म्हनावं. आन समद्या उलगडून बघा म्हनावं."

"आन घ्यायची न्हाई, म्हनावं," बायनाबाई म्हणाल्या.

"ते ज्याचं त्यानं बघावं," आई म्हणाली.

मी तिथंच बसून शेवटची ओळ खोडली आणि आईनं सांगितली तशी, तिच्याच शब्दांत लिहिली. खाली माझ्या नावाशेजारी तिचं नावही घातलं, कौशल्याबाई आश्रुबा, आधारवर आहे तसं. स्टार एकच ठेवला.